रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर अडकतोय? दुकान गाठण्याआधी हे तपासा

परवान्याचं छोटं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांची माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच असते. सिलेंडर फिरत नाही, किंवा फिरताना मध्येच धरतो. सैन्यात आर्मोरर म्हणून हत्यारं सांभाळली आणि आता साताऱ्यात परवानाधारक दुकानात कारागिरी करतो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात फॅक्टरीला दोष देतं. कधी कधी तो खरा निघतोही. पण टेबलावर येणाऱ्या अडकलेल्या हत्यारांपैकी बहुतेकांचा आजार मळ, गंज, चुकीचं काडतूस किंवा चुकीचं तेल एवढाच असतो आणि तो घरच्या घरी, कायद्याच्या चौकटीत राहून ओळखता येतो.

आपल्याकडे दिसणारी बहुतेक हत्यारं ०.३२ बोअरची, सहा गोळ्यांची आणि मधून मोडून उघडणारी आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं ०.३२, २०१४ साली आलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं सुमारे अर्धा किलोचं 'निर्भीक' ही याच घडणीची. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चा सिलेंडर बाजूला निघतो. पुढच्या तपासण्या दोन्ही प्रकारांना लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

लक्षणं

आपलं हत्यार नेमकं काय करतं हे आधी नीट बघा. नुसतं "अडकतंय" म्हटल्यानं काही कळत नाही. अडकतंय कधी, यावर अर्धं निदान होतं.

रिकामं असताना छान फिरतं आणि भरल्यावर धरतं: काडतूस, घरातला मळ किंवा चांदणीखालचा कचरा. घर म्हणजे सिलेंडरमधलं काडतूस बसतं ते भोक. चांदणी म्हणजे सिलेंडरच्या मागची, पुंगळ्या उचलून बाहेर टाकणारी चकती, ज्याला दुकानात एक्स्ट्रॅक्टर म्हणतात.

रिकामंसुद्धा धरतं, सहाही घरांवर सारखंच: गंज, गोठलेलं तेल, ढिला स्क्रू.

सहापैकी एकाच घरावर धरतं: त्या घराचा किंवा चांदणीच्या त्या दाताचा दोष. स्केच पेनने सिलेंडरवर त्या घराशी खूण करा. दर वेळी त्याच खुणेवर धरत असेल तर दोष सिलेंडरमध्ये आहे. खूण बदलत असेल तर फ्रेममध्ये किंवा काडतुसात शोधा.

सुरुवातीला बरं चालतं, चार-सहा गोळ्या झाडल्यावर जड होतं: नळी आणि सिलेंडरमधली फट, नाहीतर प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडावरची ठोका बसून पेटणारी टोपी.

ट्रिगर जड झालाय पण घोडा अंगठ्याने ओढला की सहज येतो: हे सिलेंडरचं दुखणं नसेलही. आतल्या भागात काहीतरी आहे आणि ते तुमचं काम नाही.

हात लावण्याआधी

हत्यार रिकामं करा. सहाही घरांतून उजेड दिसला पाहिजे. काढलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच टेबलावर नको. तपासताना नळीचं तोंड भिंतीकडे, आणि त्या भिंतीमागे माणसांचा वावर नसावा. बघायला म्हणून पोरंबाळं गोळा होतात, त्यांना आधी बाहेर पाठवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे. पुसणं, घासणं, तेल देणं, बघणं, मोजणं तुमच्या हातात. कानस, ड्रिल, वेल्डिंग, लेथ तुमच्या हातात नाही, आणि एमआयडीसीतल्या तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याच्याही नाही. किर्लोस्करवाडीपासून साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत आपल्याकडे हातात कला असलेली माणसं पैशाला पासरी आहेत. शंभराव्या भागापर्यंत माप काढणारी आहेत. तरीही नाही. त्या माणसालाही तुम्ही गुन्ह्यात ओढता.

पहिलं: चांदणीखालचा कचरा

खर्च, एक जुना टूथब्रश. हत्यार उघडा, चांदणी पूर्ण वर उचला आणि तिच्या खाली, सिलेंडरच्या बैठकीत बघा. न जळलेल्या दारूचे पिवळट-काळे कण, होल्स्टरच्या अस्तराचा धागा, खिशातली धूळ तिथे बसते. ब्रशने झाडा, कापडाने पुसा, कोरडंच ठेवा.

एवढ्याशा कणाने काय होतं? चांदणी पूर्ण खाली बसत नाही. मग काडतुसाची मागची कड जितकी आत असायला हवी त्यापेक्षा केसभर बाहेर राहते आणि फ्रेमच्या मागच्या भिंतीला घासते. या ठिकाणी मोकळीक मुळातच फार कमी असते, त्यामुळे कागदाच्या जाडीएवढा कण सिलेंडर धरायला पुरतो. भरल्यावर धरणाऱ्या हत्यारांत मी सगळ्यात आधी इथेच बघतो, आणि बरेचदा पुढे जावंच लागत नाही.

पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून एका दमात उघडायची सवय लावा. हळूहळू, नळी जमिनीकडे धरून उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीखाली निसटते आणि मग ना हत्यार मिटतं, ना उघडतं. तसं झालं तर लाकडी काडीने ती पुंगळी ढकला. स्क्रूड्रायव्हर घालून चांदणी उचकटलीत की तिचा दांडा वाकतो.

दुसरं: तेल कुठलं आहे

"मेजर, पावसाळ्यात बरं चाललंवतं, थंडी पडली आन् चक्री फिरंना झाली." पाटण भागातल्या एका गिऱ्हाइकाचं हे बोलणं ऐकलं आणि मी हत्यार उघडायच्या आधी वास घेतला. खोबरेल तेल. हे आपल्याकडे फार चालतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि साताऱ्याची डिसेंबरची सकाळ त्याच्या कितीतरी खाली असते. वर जुनं झालं की ते चिकट होतं, धूळ धरतं आणि लाखेसारखा थर बनतो. शेंगतेलाचं तेच. शिलाई मशीनचं तेल त्या मानानं बरं, पण तेही मोसमात एकदा पुसून नवं द्यावं लागतं.

उपाय सोपा आहे. सिलेंडर ज्या दांड्यावर फिरतो तो, चांदणीचा दांडा आणि उघडण्याचा सांधा, तिन्ही ठिकाणी रॉकेल किंवा बंदुकीचं सॉल्व्हंट कापडावर घेऊन चिकटा काढा. पूर्ण सुकू द्या. मग हत्यारासाठीचं पातळ तेल, एकेक थेंब. घरांमध्ये तेल सोडू नका. घरातलं तेल काडतुसाच्या मागच्या प्रायमरमध्ये झिरपू शकतं, आणि मग ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी घोडा पडतो पण गोळी सुटत नाही.

तिसरं: गंज, आणि तो कुठून आला

आपल्या भागात गंजाची कारणं ठरलेली आहेत. महाबळेश्वर, कोयना, पाटण या पट्ट्यातला पावसाळा, कातडी होल्स्टर आणि निवडणूक.

कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे आणि त्यात मुरलेल्या घामामुळे पोलाद चरतं. हत्यार कमरेला लावण्यापुरतं होल्स्टरमध्ये ठेवा. कपाटात ठेवताना बाहेर काढून, तेलाचा हलका हात फिरवून, सुती कापडात. काडतुसांच्या कातडी पट्ट्याचंही तेच. पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात आणि तेवढ्यानं काडतूस घरात घट्ट बसतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना पोलीस ठाण्यात हत्यारं जमा करावी लागतात. काही महिने ती मालखान्यात राहतात. तिथे रोज कोण तेल देणार? म्हणून देण्याच्या आदल्या दिवशी स्वच्छ करून, तेलाचा जरा जाड थर देऊन, कापडात गुंडाळून द्या. कातडी होल्स्टरसकट देऊ नका. परत आल्यावर भरायच्या आधी सहाही घरं, नळी आणि सांधा पुसा. निवडणुकीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत दुकानात "सिलेंडर अडकतोय" म्हणून रांग लागते ती यामुळेच.

वरवरचा तांबूस गंज तेल लावून, रात्रभर ठेवून, पितळी ब्रशने निघतो. भांड्याची तारेची घासणी किंवा एमरी पेपर अजिबात नको. घराच्या आतली भिंत ओरखडली तर झाडलेली पुंगळी त्या ओरखड्यांत फुगून बसते आणि दर वेळी ठोकून काढावी लागते. गंज पुसल्यावर खाली खड्डे दिसले तर तिथेच थांबा आणि हत्यार कारागिराकडे द्या.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात कपाटंच पाण्याखाली गेली आणि त्यानंतर आलेल्या हत्यारांत कृष्णेचा गाळ ट्रिगरच्या आतल्या भागापर्यंत पोचलेला होता. असं हत्यार घोडा ओढून "चालतंय का" म्हणून बघू नका. तो गाळ आतल्या धारा खातो. स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी निथळू द्या, पाणी हटवणारा स्प्रे मारा आणि त्याच आठवड्यात परवानाधारक कारागिराकडे पोचवा. पाण्यात बुडालेली काडतुसं वापरायची नाहीत, दुकानदाराला किंवा पोलिसांना विचारून जमा करायची.

चौथं: काडतूस

इथं जरा वेळ घालवा, कारण यातलं बरंचसं डोळ्याने दिसतं.

परवान्यावर नुसतं ०.३२ लिहिलेलं असतं आणि त्यातून घोळ होतो. रिव्हॉल्व्हरचं ०.३२ लांब असतं. १८९६ पासून चालत आलेलं ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग, कड ठसठशीत. पिस्तुलाचं ०.३२ वेगळं, आखूड आणि कड अगदी नावाला. ते रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतं आणि म्हणूनच माणूस फसतो. कड लहान असल्यानं चांदणी ते नीट धरत नाही, ते आत सरकतं किंवा चांदणीखाली अडकतं. डब्यावरचं नाव वाचा आणि शंका असेल तर दोन काडतुसं शेजारी उभी करा. नुसत्या पुंगळीच्या लांबीत जवळजवळ ६ मिलिमीटरचा फरक आहे.

मग प्रत्येक काडतूस घरात सोडून बघा. नळी जमिनीकडे, सिलेंडर उघडा. काडतूस स्वतःच्या वजनाने खाली जायला हवं आणि नळी वर केली की बोटाच्या हलक्या इशाऱ्याने बाहेर यायला हवं. अंगठ्याने दाबावं लागत असेल तर ते काडतूस दुसऱ्या घरात घाला. सगळ्या घरांत घट्ट जात असेल तर काडतूस वाईट. सगळी काडतुसं एकाच घरात घट्ट जात असतील तर घर मळलंय किंवा मुळातच अरुंद आहे.

नंतर प्रायमर. काडतुसाच्या बुडावर स्टीलची छोटी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरा. पट्टी डोलत असेल तर प्रायमर वर आलाय. असा प्रायमर फ्रेमला घासून सिलेंडर धरतो. ते काडतूस बाजूला काढा. ठोकून आत बसवायला जाऊ नका, प्रायमर आहे तो.

झाडलेल्या पुंगळ्याही बघा. प्रायमरवर पिन आदळून पडलेल्या खळीभोवती धातू फुगून उभा राहिलेला दिसला तर तो पिनच्या भोकात शिरतोय आणि त्यामुळेच झाडल्यानंतर सिलेंडर फिरत नाही. भोकाची कड खराब आहे किंवा काडतुसात दाब जास्त आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी कारागीर.

हलक्या हत्यारात आणखी एक होतं. पहिल्या गोळ्यांच्या झटक्याने उरलेल्या काडतुसांतलं शिसं, म्हणजे गोळीचं टोक, पुंगळीतून पुढे सरकतं आणि सिलेंडरच्या तोंडाबाहेर येऊन नळीला अडतं. ०.३२ चा झटका मवाळ, त्यामुळे हे क्वचित. पण वर्षानुवर्षं तीच काडतुसं भरून-काढून पुंगळीची पकड सैल झालेली असेल तर बघावंच लागतं.

पाचवं: फट

नळीचं मागचं टोक आणि सिलेंडरचं तोंड यांच्यामध्ये फट असते. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला जो फीलर गेज लागतो, तोच इथे चालतो. ढोबळमानाने ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठीक. ०.१० च्या खाली असेल तर नवं असताना बरं चालतं आणि चार-सहा गोळ्यांनंतर शिसं आणि काजळी बसली की धरतं. ०.२५ च्या वर गेली तर बाजूने गॅस आणि शिशाचे कण उडतात.

सहाही घरांवर मोजा, एकावर मोजून थांबू नका. एका घरावर ०.१५ आणि समोरच्या घरावर ०.०५ आलं तर सिलेंडरचं तोंड तिरकं आहे किंवा दांडा वाकलाय. मग सिलेंडर मागे दाबून आणि पुढे ओढून दोनदा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे पुढे-मागे खेळ. तो ०.०८ च्या आसपास किंवा वर असेल तर झीज आहे.

मळ असेल तर पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने सिलेंडरचं तोंड आणि नळीचं मागचं टोक साफ करून पुन्हा मोजा. साफ करूनही फट कमीच असेल तर ते घडणीतलं आहे. इथे लोक पॉलिश पेपर काढतात. नको! एकदा धातू गेला की परत येत नाही, आणि कायद्याच्या नजरेत तो हत्यारातला बदलच आहे.

सहावं: स्क्रू

उघडण्याच्या सांध्याचा आणि सिलेंडर धरून ठेवणारा स्क्रू झटक्यांनी ढिला होतो. मग सिलेंडर हलतो आणि तिरका होऊन धरतो. बाजूला निघणाऱ्या सिलेंडरच्या हत्यारात पुंगळ्या ढकलणारा रॉड ढिला होऊन पुढे येतो, आणि तिथे सिलेंडर उघडायलाच त्रास होतो. खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर असेल तरच आवळा. खाच खाल्लेली दिसली की कोणीतरी आधी हात मारलाय असं समजा.

सातवं: वेळ जुळते का

ही तपासणी फक्त बघण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी नाही. रिकाम्या हत्याराचा घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. दुसऱ्या हाताचं बोट सिलेंडरला हलकं टेकवा, जरासा अडथळा राहील इतकंच. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलेंडर कुलूपबंद झाला पाहिजे. घोडा अडकला, पण सिलेंडर बोटाने पुढे सरकून मग 'टक' करून बसतोय, असं एका जरी घरावर झालं, तर घर आणि नळी एका रेषेत नाहीत. गोळी नळीच्या कडेला तासून जाते, तुकडे बाजूने उडतात, आणि शेजारी उभ्या असलेल्याचा डोळा जाऊ शकतो. हे कळलं की ते हत्यार भरायचंच नाही.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढची तपासणी नाही, थेट परवानाधारक कारागीर.

गोळी झाडताना आवाज नेहमीपेक्षा दबका आला. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. त्यामागून दुसरी गोळी गेली तर नळी फाटते.

घोडा मागे ओढलेला असताना अंगठ्याने हलकं पुढे ढकललं आणि तो निसटला.

नळीला फुगवटा, सिलेंडरला किंवा फ्रेमला तडा, अगदी केसासारखा असला तरी.

भरलेल्या स्थितीत सिलेंडर अडकला आणि उघडतच नाही. ठोकू नका, गरम करू नका, एसटीत घेऊन निघू नका. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, कुलपात ठेवून दुकानदाराला आणि पोलीस ठाण्याला फोन करा.

घोडा पडला आणि गोळी सुटली नाही, तर नळी त्याच दिशेला रोखून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. उशिरा पेटणारं काडतूस हातात फुटलं तर बोटं जातात.

सुधारणा: काय करावं, काय नाही

मूठ बदला, बेलाशक. रबराची, हाताला भरणारी मूठ लावली की पकड सुधारते आणि हत्याराला काही होत नाही. होल्स्टर बदला, नायलॉन किंवा मोल्डेड प्लॅस्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं.

ट्रिगर हलका करायला हलकी स्प्रिंग टाकून मागतात. मी नाही म्हणतो. घोड्याचा जोर कमी झाला की प्रायमरवर ठोका हलका पडतो. दुकानात दहा वेळा चालेल आणि अकराव्या वेळी चालणार नाही. जिवासाठी बाळगलेल्या हत्यारात जड ट्रिगर परवडतो.

निकेल चढवून घेण्याची हौस मोठी आहे. बफ मारताना फ्रेमवरचा नंबर पुसट होतो, आणि शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ओळखखूण पुसणं हा गुन्हा आहे; पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती पुसली असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. आपण मुद्दाम पुसला नाही हे सांगत बसायची वेळ आणू नका.

नवं घेत असाल तर पावती करण्याआधी काउंटरवरच बघा. सहाही घरांत डमी काडतूस सोडा, फीलर गेज घेऊन जा आणि सहा ठिकाणी फट मोजा, घोडा सावकाश ओढून प्रत्येक घर कुलूपबंद होतंय का पाहा, नळीतून उजेडाकडे बघून आतल्या कडा तपासा. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर त्यांच्यात फरक असतो, म्हणून दुकानदाराकडे दोन-तीन नग मागायला संकोच करू नका. चांगला दुकानदार स्वतःहून काढून देतो. नंतर पाच वर्षांचा परवाना त्या नंबरशी बांधलेला असतो आणि बदलून घेणं फार किचकट होतं.

कारागिराकडे नेताना

हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात, मूळ परवाना सोबत. दोष कुठल्या घरावर, भरलेलं की रिकामं, किती गोळ्यांनंतर, हे कागदावर लिहून न्या. स्केच पेनची खूण पुसू नका. झाडलेल्या चार-दोन पुंगळ्या असतील तर त्याही न्या, त्यांच्या बुडावरून मला बरंच कळतं. दुकानात ठेवून यायचं असेल तर नंबर, मॉडेल आणि तारीख लिहिलेली पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.